बस की मेट्रो : नाशिककराने हा प्रश्न कसा तपासावा

नाशिकमध्ये सार्वजनिक वाहतुकीचा विषय निघाला की मेट्रो आलीच पाहिजे असे म्हणणारे एका बाजूला जातात आणि आधी आहेत त्या बस वेळेवर सोडा असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र चर्चा प्रवाशांच्या मोजणीपर्यंत आणि पैशाच्या हिशेबापर्यंत क्वचितच पोहोचते, आणि शेवटी निर्णय आपल्या हातून निसटून इतरत्र होतो. प्रभागातील रहिवासी, सोसायट्यांचे पदाधिकारी, सातपूर-अंबडमधील कामगार प्रतिनिधी, विद्यार्थी आणि नगरसेवक यांपैकी कोणालाही हा प्रश्न स्वतः तपासता यावा, यासाठी पुढील पद्धत लिहिली आहे. तिला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. घड्याळ, वही, चार-पाच सोबती आणि गुणाकार-भागाकार एवढे पुरते.

माझे मत आरंभीच सांगतो, म्हणजे वाचकाला ते पुढच्या हिशेबावर घासून पाहता येईल. नाशिकने येत्या काही वर्षांतला पैसा बसच्या फेऱ्या वाढवण्यात आणि निदान एका मुख्य रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका देण्यात घालावा, रेल्वेसारख्या साधनासाठी लागणारी जागा आजच राखून ठेवावी, आणि त्या मार्गावरची प्रवासीसंख्या बसच्या आवाक्याबाहेर जाऊ लागल्यावरच रूळ टाकण्याचा विचार करावा.

मेट्रो म्हणजे नेमके काय, ते आधी ठरवा

नाशिकच्या चर्चेत मेट्रो या नावाखाली निरनिराळ्या गोष्टी येतात. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, ती मेट्रो निओ या साधनासाठी होती. मेट्रो निओ रुळांवरून धावत नाही. रबरी टायर असलेली, वरच्या तारांमधून वीज घेणारी, सुमारे २५ मीटर लांबीची आणि साधारण २५० प्रवासी नेणारी ही जोडगाडी उन्नत मार्गावरून चालवायची, असा तो प्रस्ताव होता. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे त्याचे दोन मुख्य मार्ग होते आणि त्यांची एकत्रित लांबी ३२ किलोमीटरच्या आसपास होती. त्या घोषणेनंतर बरीच वर्षे गेली, पण नाशिककराला त्या गाडीत अद्याप बसता आलेले नाही.

म्हणून कोणी मेट्रो म्हटले की तीन प्रश्न विचारावेत. गाडी रुळावरची आहे की टायरवरची? मार्ग उन्नत आहे, भुयारी आहे की रस्त्याच्या पातळीवर? आणि एका गाडीत किती प्रवासी मावतात? ही उत्तरे मिळाल्याशिवाय खर्चाची किंवा क्षमतेची तुलना करणे व्यर्थ आहे. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गांना २०१६ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली, तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी रुपये खर्च धरला होता. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ३६५ कोटी. मेट्रो निओचा हिशेब किलोमीटरमागे ६५ कोटींच्या आसपास येतो. या दोन्हींना एकच नाव दिले, तर पुण्याची क्षमता मनात धरून नाशिकची किंमत मोजल्यासारखे होते.

बसबाबतही हाच नियम पाळावा. वाहनांच्या गर्दीत अडकलेली, वीस मिनिटांनी येणारी बस वेगळी, आणि स्वतःच्या मार्गिकेतून दर तीन मिनिटांनी येणारी बस वेगळी. तुलना करताना मेट्रोचे उत्तम रूप घेतले, तर बसचेही उत्तम रूप घ्यावे.

रस्त्यावर उभे राहून मोजणी करा

या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि लोक तो सहसा टाळतात. वाहतूक नियोजनात ज्या एका आकड्यावर साधनाची निवड अवलंबून असते, तो आकडा म्हणजे गर्दीच्या एका तासात, गर्दीच्या एका दिशेने, मार्गावरील सर्वाधिक भाराच्या ठिकाणावरून जाणारे प्रवासी. शहराची एकूण लोकसंख्या, दिवसभराचे एकूण प्रवासी किंवा शहर किती वेगाने वाढत आहे यांवरून साधन ठरत नाही. पंधरा लाख लोक चारही दिशांना विखुरलेले असतील तर त्यांना बसच पुरते, आणि पाच लाख लोक एकाच अरुंद पट्ट्यात राहत व काम करत असतील तर तिथे रूळ शोभतात.

नाशिकची घडण पाहिली तर असा पट्टा एकच ठळकपणे दिसतो : नाशिकरोड, उपनगर, द्वारका, शालिमार-सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि तिथून त्र्यंबक रोडने सातपूर. या पट्ट्याचा पूर्वार्ध जुनाच आहे. मुंबईहून आलेला लोहमार्ग शहरातून न जाता बाहेरून गेला, त्यामुळे स्थानक आणि गाव यांच्यात आठ-दहा किलोमीटरचे अंतर पडले, आणि ते जोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेन रोडपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत ट्राम घालण्यात आली. आरंभी ती घोडे ओढत असत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, पण त्या वाटेवरची ये-जा थांबली नाही. सिडको, अंबड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव हे भाग या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना पसरले आहेत, आणि तिथल्या प्रवाशाला बहुधा तिरपे जायचे असते. सिडकोतून पंचवटीला किंवा जेलरोडवरून अंबडला जाणाऱ्या माणसाला एका सरळ रेषेचा उपयोग अर्धाच होतो.

मोजणीसाठी मुख्य पट्ट्यावरची दोन-तीन ठिकाणे निवडावीत. पुणे रस्त्यावर द्वारका आणि उपनगर यांच्या दरम्यान एक, त्र्यंबक रोडवर सातपूरच्या अलीकडे एक, आणि पंचवटीकडून शहरात येताना गोदावरीच्या पुलापाशी एक. चौकात उभे राहू नये, कारण तिथे वळणारी वाहने हिशेब बिघडवतात. दोन चौकांमधला सरळ भाग घ्यावा. दिवस मंगळवार ते गुरुवार यांपैकी असावा, सण, परीक्षा आणि औद्योगिक वसाहतीच्या सुट्टीचा दिवस टाळावा. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळा सर्वसाधारण गर्दीसाठी ठीक आहेत, परंतु सातपूर-अंबडच्या दिशेने पाळी सुटण्याची आणि लागण्याची वेळ वेगळी मोजावी, कारण तिथली गर्दी पहाटे आणि दुपारीही उसळते आणि कार्यालयीन वेळेच्या मोजणीत ती सापडतच नाही.

प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी वहीत एक ओळ ठेवावी. बसमधील माणसे एकेक करून मोजणे शक्य नसते, म्हणून तीन-चार पायऱ्या ठरवून घ्याव्यात : निम्मी आसने भरलेली, सर्व आसने भरलेली, मधल्या वाटेत उभे प्रवासी, आणि दारापर्यंत गर्दी. पहिल्या पायरीला वीस, दुसरीला अडतीस, तिसरीला पन्नास आणि चौथीला पासष्ट असे आकडे धरले तर चूक फार मोठी होत नाही. बसइतकीच शेअर रिक्षांची मोजणी आवश्यक आहे. ज्या रस्त्यावर शेअर रिक्षा भरून धावतात, तिथे बसची मागणी आहे आणि बस पुरेशी नाही, याचा त्याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही. तरीही त्या रिक्षांतील माणसे बसच्या तिकिटांच्या आकडेवारीत कुठेच दिसत नाहीत. दुचाकी आणि मोटारी शेवटी, वेगळ्या रकान्यात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका तासात एका दिशेने २५ बस गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी ४५ प्रवासी होते : १,१२५. शेअर रिक्षा १५०, प्रत्येकी चार प्रवासी : ६००. दुचाक्या २,५००, एका दुचाकीवर सरासरी १.३ माणसे : ३,२५०, त्यांपैकी चौथा हिस्सा चांगल्या सेवेकडे वळेल असे उदारपणे धरले तर सुमारे ८१०. एकूण झाले सुमारे २,५४०. हा आकडा आता जवळ ठेवावा. त्यानंतर कोणताही प्रकल्प अहवाल हाती आला की त्याच ठिकाणासाठी, त्याच तासासाठी, पहिल्या वर्षाचा अंदाज किती दिला आहे ते पाहावे. तीस वर्षांनंतरचा अंदाज मोठा असणारच, आणि भाषणांत तोच सांगितला जातो. पहिल्या वर्षाचा अंदाज तुमच्या मोजणीच्या तिप्पट-चौपट असेल, तर एवढे प्रवासी कोणत्या वस्तीतून आणि कोणत्या वाहनातून उतरून येणार आहेत, याचे उत्तर लेखी मागावे. देशातील अनेक मेट्रो मार्गांवर प्रत्यक्ष प्रवासी अंदाजापेक्षा बरेच कमी निघाले आहेत, त्यामुळे ही शंका अनाठायी नाही.

साधनाची क्षमता गुणाकाराने काढा

एका तासात किती गाड्या आणि एका गाडीत किती माणसे, यांचा गुणाकार म्हणजे क्षमता. १२ मीटर लांबीच्या साध्या बसमध्ये गर्दीच्या वेळी ६५ प्रवासी धरले, तर दर तीन मिनिटांना एक बस सोडल्यास तासाला १,३०० प्रवासी जातात, दर दीड मिनिटाला सोडल्यास २,६०० आणि दर मिनिटाला सोडल्यास ३,९००. इतक्या दाट फेऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिका आणि थांब्यावर दोन-तीन बस एकाच वेळी उभ्या राहतील एवढी लांबी हवी. थांब्यांवर पुढे जाण्यासाठी जादा मार्गिका आणि मोठ्या जोडबस असतील तर हीच व्यवस्था तासाला दहा हजारांच्या पुढे जाऊ शकते. कोलंबियातील बोगोटा शहराने २००० साली सुरू केलेल्या सेवेत याहून कितीतरी अधिक प्रवासी नेऊन दाखवले. २५० प्रवाशांची मेट्रो निओ दर दोन मिनिटांनी धावली तर ७,५०० होतात. तीन डब्यांच्या मेट्रोत सुमारे ९०० प्रवासी धरले, तर तीन मिनिटांच्या अंतराने १८,०००.

आता मोजणीचा आकडा यांच्या शेजारी मांडावा. आपल्या उदाहरणातील २,५४० प्रवासी दीड मिनिटाच्या अंतराने येणाऱ्या साध्या बसमध्ये बसतात. रूळ टाकणे तिथे चूक नसेलही, पण ती गरज ठरत नाही. मोजणी सात-आठ हजारांवर गेली आणि रस्ता इतका अरुंद असला की बसला मार्गिका देणे खरोखर अशक्य आहे, तर मात्र वरून किंवा खालून जाणाऱ्या गाडीचा युक्तिवाद भक्कम होतो. रेल्वेच्या बाजूने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे : एक चालक नऊशे माणसे नेतो, तर तेवढ्याच माणसांना बसमध्ये चौदा चालक लागतात. प्रवासी खरोखर असतील तेव्हा रेल्वे माणशी स्वस्त पडते. प्रवासी नसतील तेव्हा तीच सर्वांत महाग पडते.

दारापासून दारापर्यंतचा वेळ काढा

गाडीचा कमाल वेग जाहिरातीत छापला जातो, पण प्रवासी घरातून निघाल्यापासून कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंतचा वेळ जगतो. थांब्यापर्यंत चालणे, गाडीची वाट पाहणे, बसून जाणे, गाडी बदलणे आणि शेवटचे चालणे हे पाच तुकडे वेगवेगळे लिहावेत. वाट पाहण्याचा वेळ सरासरीने दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मा धरतात. वीस मिनिटांच्या अंतराने येणारी बस सरासरी दहा मिनिटे खाते, आणि ती बेभरवशाची असेल तर अधिकच. नाशिकमधील मध्यम अंतराच्या प्रवासात गाडीच्या वेगाने जेवढी मिनिटे वाचतात, त्याहून अधिक मिनिटे बऱ्याचदा वाट पाहण्यात आणि गाडी बदलण्यात जातात. उन्नत स्थानकासाठी जिने चढण्या-उतरण्याची मिनिटेही मोजावीत, आणि ती मोजताना गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग धरावा.

याच ठिकाणी बससाठीच्या मार्गिकेचा खरा लाभ उघड होतो. समजा नाशिकरोड ते सीबीएस जायला बसला गर्दीत ४० मिनिटे लागतात आणि दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटे थांबावे लागते. एका बसची पूर्ण फेरी १०० मिनिटांची झाली. २० बस असतील तर दर पाच मिनिटांनी एक बस मिळेल. आता मार्गिका दिल्यामुळे धावण्याचा वेळ ४० वरून २८ मिनिटांवर आला असे धरा. पूर्ण फेरी ७६ मिनिटांची होते, आणि त्याच २० बस, तेच चालक आणि तेच वाहक दर चार मिनिटांच्या आत एक बस देऊ लागतात. नवी एकही बस न घेता फेऱ्या तीस टक्क्यांनी वाढल्या. रस्त्याच्या रंगापेक्षा आणि दुभाजकापेक्षा येथे मोठा खर्च राजकीय आहे : मोटारींसाठीची एक मार्गिका काढून घ्यावी लागते, दुकानांसमोरची वाहने हटवावी लागतात, आणि ती मार्गिका दररोज राखावी लागते.

ही राखण केली नाही तर काय होते, हे पुण्यात आणि दिल्लीत दिसले. पुण्याने २००६ मध्ये कात्रज-हडपसर मार्गावर देशातील पहिल्या प्रयोगांपैकी एक केला, पण मार्गिका तुटक राहिल्या आणि खासगी वाहने त्यांत शिरत राहिली. दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेला असा मार्ग २०१६ मध्ये उखडून टाकला गेला. अहमदाबादने २००९ मध्ये जनमार्ग ही बससेवा सुरू करताना मार्गिका रस्त्याच्या मध्यभागी, बंदिस्त आणि बसच्या आतल्या तळाच्या उंचीच्या थांब्यांसह बांधली, म्हणून ती टिकली. नाशिकमध्ये मार्गिकेची मागणी करताना केवळ पांढरा पट्टा मागू नये. बंदिस्त कठडा, थांब्याची उंची आणि चौकातील सिग्नलला बसचे प्राधान्य हे तिन्ही एकत्र मागावे.

पैशाचे दोन हिशेब वेगळे ठेवा

बांधकामाचा पैसा आणि चालवण्याचा पैसा वेगवेगळ्या खिशांतून येतात, आणि बहुतेक चुकीचे निर्णय या फरकातून जन्मतात. मोठ्या प्रकल्पाचा भांडवली खर्च मुख्यतः केंद्र, राज्य आणि कर्ज यांतून उभा राहतो. बस चालवण्याची तूट मात्र महापालिकेला दरवर्षी स्वतःच्या अंदाजपत्रकातून भरावी लागते. त्यामुळे दोन हजार कोटींचा प्रकल्प शहरात आलेला पैसा वाटतो आणि बसची पन्नास कोटींची तूट शहरातून गेलेला पैसा वाटतो, जरी दोन्ही रकमा अखेर करदात्याच्याच असतात. याच कारणाने दरवर्षी बसच्या फेऱ्या कमी करून तूट आवरण्याचा मोह होतो. फेऱ्या कमी झाल्या की वाट पाहण्याचा वेळ वाढतो, प्रवासी दुचाकीकडे जातात, भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, घसरते आणि तूट पुन्हा वाढते.

नाशिकची शहर बस पूर्वी एसटी महामंडळ चालवत असे. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या परिवहन कंपनीने सिटीलिंक या नावाने सेवा सुरू केली. ती ग्रॉस कॉस्ट पद्धतीच्या कराराने चालते : बस आणि चालक ठेकेदाराचे, ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेला दर, आणि तिकिटाचे उत्पन्न पालिकेच्या कंपनीकडे. या पद्धतीत प्रवासी कमी आले तरी ठेकेदाराचे नुकसान होत नाही, तोटा पालिकेचा होतो. म्हणून ठेकेदाराच्या कामावर देखरेख करणे हेच पालिकेचे मुख्य काम ठरते. ठेक्यावरील वाहकांचे वेतन थकल्याने सेवा ठप्प झाल्याचे प्रसंग नाशिककरांनी पाहिले आहेत. वेतन वेळेवर होते की नाही यावर पालिकेने करारातूनच लक्ष ठेवले पाहिजे, कारण संपाच्या प्रत्येक दिवशी सेवेवर विसंबलेला एक तरी प्रवासी कायमचा दुरावतो.

हिशेब असा करावा. समजा सेवेत २५० बस आहेत. एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावली असे धरले, तर वर्षाला १ कोटी ८२ लाख किलोमीटर होतात. किलोमीटरमागे एक रुपया तूट म्हणजे वर्षाला १ कोटी ८२ लाख रुपये. समजा तूट किलोमीटरमागे ३० रुपये आहे. वर्षाची तूट सुमारे ५५ कोटी झाली. सेवा दुप्पट केली आणि किलोमीटरमागची तूट तेवढीच राहिली, तर आणखी ५५ कोटी लागतील. ठेकेदाराच्या दरात बसची किंमत बहुतेक धरलेलीच असते, म्हणून ती वेगळी मिळवू नये. खरी तूट किती आहे ती माहिती मागवून त्या जागी घालावी.

दुसऱ्या बाजूला २,१०० कोटी रुपयांचा भांडवली प्रकल्प घ्या. ही रक्कम ८ टक्के दराने ३० वर्षांत फेडायची असती, तर वर्षाचा हप्ता सुमारे १८६ कोटींचा आला असता. त्यात विजेचा, देखभालीचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च अजून धरलेला नाही. अनुदान मिळाले म्हणून हप्ता भरावा लागत नाही हे खरे, परंतु दोन पर्यायांची तुलना करताना तो मांडावाच लागतो. असा हिशेब मांडल्यावर प्रश्न सरळ होतो : ३२ किलोमीटरच्या दोन रेषांसाठी वर्षाला १८६ कोटी, की सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या शहरात बससेवा दुप्पट करण्यासाठी ५५ कोटी? माझ्या हिशेबात दुसरा पर्याय स्पष्टपणे पुढे आहे, आणि ज्याला पहिला पटतो त्याने वरच्या गृहीतकांपैकी कोणते चुकीचे आहे ते दाखवावे.

बस किती कमी आहेत याचाही मापदंड उपलब्ध आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा-निकषांनुसार लाख लोकसंख्येमागे ६० किंवा अधिक बस असतील तर ती सर्वांत चांगली पातळी, आणि २० पेक्षा कमी असतील तर सर्वांत खालची. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. तीच धरली तरी २५० बस म्हणजे लाखामागे सुमारे १७. मधली, म्हणजे लाखामागे ४० ची पातळी गाठायलासुद्धा सुमारे ६०० बस लागतात, आणि शहर तेव्हापासून बरेच वाढले आहे.

सिंहस्थाची गर्दी या हिशेबात धरू नका

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी काय बांधावे, या चर्चेत मेट्रोचे नाव येते. पर्वणीच्या दिवसांची गर्दी प्रचंड असते, पण ती बारा वर्षांतून काही दिवसांची, आणि तिला बाहेरच्या वाहनतळांपासून घाटांच्या अलीकडेपर्यंत नेणाऱ्या शेकडो बस तात्पुरत्या आणता येतात. रूळ तात्पुरते आणता येत नाहीत. रोजच्या मंगळवारी ज्या मार्गावर प्रवासी नाहीत, तो मार्ग पर्वणीच्या नावावर मंजूर करू नये.

अनोळखी तंत्रज्ञानाची चौकशी करा

मुंबईची मोनोरेल २०१४ मध्ये सुरू झाली. प्रवासी अपेक्षेपेक्षा फार कमी आले, गाड्या थोड्या होत्या, आणि तंत्रज्ञान मोजक्याच उत्पादकांकडे असल्याने सुटे भाग मिळणे कठीण झाले. नाशिकपुढे जे साधन ठेवले जाईल, ते देशात दुसऱ्या किती शहरांत चालते, गाड्या किती कारखान्यांत बनतात आणि एक गाडी बिघडली तर तिची जागा किती दिवसांत भरली जाईल, हे विचारलेच पाहिजे. डिझेल, सीएनजी किंवा विजेवरची साधी बस या कसोटीला सहज उतरते.

जागा आजच राखून ठेवा

बसला आधी पैसा द्यावा याचा अर्थ रेल्वेची दारे बंद करावीत असा होत नाही. नाशिकरोड-सीबीएस-सातपूर पट्ट्यात दाट वस्ती वाढत राहिली तर एक दिवस बस अपुरी पडेल, आणि त्या दिवशी डेपोसाठी सलग जागा, स्थानकांसाठी रस्त्याकडेचे भूखंड आणि खांबांसाठी दुभाजकाची रुंदी मिळाली नाही तर खर्च अनेक पटींनी वाढेल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास आराखड्यात आरक्षण ठेवता येते आणि त्यातील फेरबदलांवर नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. द्वारकेसारख्या ठिकाणी नवा उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग आखला जाईल, तेव्हा त्याचे खांब भविष्यातील मार्गाच्या आड येणार नाहीत ना, हे सूचनेत आवर्जून विचारावे.

कागद मागा आणि अंदाजपत्रकापूर्वी पत्र द्या

केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार मेट्रोचा प्रस्ताव देण्यापूर्वी पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास करावा लागतो आणि प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के असल्याचे दाखवावे लागते. तो तुलनात्मक अभ्यास मागवून एकच गोष्ट आधी तपासावी : बसचा पर्याय म्हणून स्वतंत्र मार्गिकेतली, दाट फेऱ्यांची बस घेतली आहे, की आजची गर्दीत अडकलेली बस घेऊन तिला अपात्र ठरवले आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या शुल्कासह करता येतो आणि उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि सुमारे दीडशे शब्द असावेत, म्हणून बससेवेचा अर्ज वेगळा आणि प्रकल्प अहवालाचा वेगळा करावा. बसच्या अर्जात एका ठरावीक महिन्याची मार्गनिहाय माहिती मागावी : ठरलेल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, रद्द फेऱ्यांची कारणे, धावलेले किलोमीटर, तिकिटांचे उत्पन्न, ठेकेदाराला दिलेली रक्कम. प्रकल्पाच्या अर्जात प्रत्येक टप्प्यावरील गर्दीच्या तासाचे अंदाज आणि त्यांमागची गृहीतके मागावीत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची असते.

पालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीतच आयुक्तांना आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना पत्र द्यावे. पत्र दोन पानांचे पुरे. पहिल्या पानावर मागणी नेमकी लिहावी : अमुक मार्गावर अमुक वेळेत बसचे अंतर वीसवरून आठ मिनिटांवर आणावे, त्यासाठी इतके जादा किलोमीटर आणि इतकी रक्कम लागेल, आणि द्वारका ते नाशिकरोड या भागात मार्गिकेच्या आखणीसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली तरतूद करावी. दुसऱ्या पानावर मोजणीचा तक्ता, ठिकाण, तारीख, वेळ आणि मोजणी करणाऱ्या गटाचे नाव असावे. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवावी. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी, त्याच वारी आणि त्याच वेळी मोजणी पुन्हा करावी, आणि दोन्ही तक्ते शेजारी लावून पुढचे पत्र लिहावे.